यशोदाबाईच्या गाया

हिलालने मोरपंख बँड सोडला, तेव्हा धुळ्यात पाचकंदिलापासून देवपुरापर्यंत ज्याला त्याला त्याचं कारण माहीत होतं, आणि ते साफ खोटं होतं.

लोक म्हणायचे, फोटोवरून बिनसलं. बँडची पहिली कॅसेट निघाली होती. आतला आवाज सगळा हिलालचा आणि वरचा फोटो मालकाचा, म्हणजे रुपचंद मास्तरांचा. लाल कोट, सोनेरी झालर, हातात क्लॅरनेट. ते क्लॅरनेट मास्तरांना धड फुंकताही येत नव्हतं, पण फोटोत कुठे सूर ऐकू येतो? ऐंशी सालानंतरच्या त्या दिवसांत मोरपंखची तारीख मिळाली नाही, तर लोक लग्नाचा मुहूर्त पुढे ढकलत. असल्या बँडला लाथ मारून गायक जातो म्हणजे त्याच्या डोक्यात हवा गेली, असं मास्तरही पानाच्या टपरीवर सांगत. हिलालने कोणाचंच खोडलं नाही. फोटोचं त्याला वाईट वाटलं होतं, पण फोटोसाठी काही माणूस आयुष्यभराचं वैर धरत नाही.

खरं कारण पारोळ्याच्या एका वरातीतलं होतं. वैशाखातली दुपार, डांबर पायाला चिकटत होतं. हिलाल बँडच्या गाडीपुढे माइक घेऊन गात चालला होता. पुढे नवरदेवाचे दोस्त धूळ उडवत नाचत होते. तेवढ्यात त्याला मांडवाच्या कडेला चुलतभाऊ झुलाल दिसला. झुलाल खुर्चीवर अवघडून बसला होता आणि मांडीवर जिलबीची प्लेट होती. हिलालला वाटलं, हा लग्नाला आला. त्याने लांबूनच हात हलवला आणि भाऊ ऐकतोय म्हणून पुढचं गाणं आणखी फडकतं घेतलं. झुलालने हात हलवला नाही.

झुलाल निरोप घेऊन आला होता. हिलालची आई यशोदाबाई सकाळी गेली होती. शेजाऱ्याची राजदूत मोटारसायकल घेऊन तो धावत आला आणि थेट मास्तरांपुढे उभा राहिला. "हिलालनी माय गयी मास्तर. त्याले लगेच धाडा," तो म्हणाला. मास्तरांनी एकदा नाचणाऱ्या पोरांकडे पाहिलं, एकदा वरबापाकडे पाहिलं आणि झुलालच्या हातात प्लेट दिली.

"बठ भाऊ, जिलबी खाय. वरात चालू शे. वरात सरू दे, मंग सांगसू."

झुलाल गरीब माणूस. मोठ्या माणसाने बस म्हटलं की बसायचं, एवढंच त्याला माहीत. तो बसला. जिलबीला मात्र त्याने हात लावला नाही, आणि पुढे कुठल्याच लग्नात लावला नाही.

वरात सरल्यावर झुलालने सगळं सांगितलं, आणि हिलाल घरी पोचला तेव्हा दिवस बुडाला होता. गावाने प्रेत जमलं तेवढा वेळ ठेवलं, मग उन्हाळ्यापुढे हात टेकले. एकुलता एक मुलगा जिवंत असताना यशोदाबाईला अग्नी दिराने दिला. "वाट देखी देखी डोया थकनात रे," काका म्हणाले, आणि हिलाल अंगातल्या लाल कोटासकट नदीच्या वाळूत बसला. घशात अजून त्या फडकत्या गाण्याची ओळ होती. आई जळत होती तेव्हा आपण पोरं नाचवत होतो, हे त्याच्या मनातून त्या दिवसापासून एक घटकाही गेलं नाही.

तेराव्यानंतर त्याने धुळ्याला जाऊन कोट मास्तरांच्या टेबलावर ठेवला. मास्तरांनी विचारलं, "कसाले रे?" हिलाल म्हणाला, "आसंच." कारण सांगितलं असतं, तर मास्तर 'चुकनं भो' म्हणाले असते, खांद्यावर हात ठेवला असता, चहा मागवला असता आणि सगळं एका कपात मिटवून टाकलं असतं. हिलालला मिटवायचं नव्हतं. त्याला मास्तरांचं नाव अख्ख्या खान्देशात मातीत लोळवायचं होतं, आणि कशाने लोळवायचं तेही ठरलं होतं. आईच्या गायांनी.

गाया म्हणजे शिव्या. आमच्याकडे लग्नात बायका व्याह्याचं नाव घेऊन त्याला गाण्यातून शिव्या देतात, आणि त्यात यशोदाबाईचा हात धरणारं कोणी नव्हतं. पांझरेकाठच्या कुठल्याही गावात लग्न निघालं की तिला बैलगाडी पाठवून न्यायचे. व्याह्याचं नाक, फेटा, चाल, त्याची म्हैस, काहीही तिच्या तोंडून सुटत नसे, आणि मांडव पोट धरून हसे. हिलालचा गळा तिथलाच होता. बँडमध्ये तो सिनेमाची गाणी गायचा, पण आवाजाला ती मांडवातली धार होती, म्हणून तर मोरपंखचं नाव झालं.

आता हिलाल स्वतःची कॅसेट काढायला निघाला, तीही आईच्या गायांची, आणि नुसत्या ढोलकीवर नव्हे. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत डेन्झिल नावाचा एक जण इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. त्याचा बाप इंजिन ड्रायव्हर, आणि बापाकडे अमेरिकेतल्या गुराख्यांच्या गाण्यांच्या जुन्या तबकड्या होत्या. डेन्झिल करंगळीत बाटलीची मान अडकवून तारांवरून फिरवायचा, की गिटार अशी रडायची की ऐकणाऱ्याला माहेर आठवावं. हिलालने त्याच्यासमोर आईची एक चाल म्हणून दाखवली. डेन्झिल गिटार मांडीवर घेऊन ऐकत राहिला, मग म्हणाला, "अरे मॅन, ये तो मेरे डॅडी का गाना है. सिर्फ गाली जास्ती है."

जळगावला एका दाळमिलच्या माडीवर रेकॉर्डिंगची खोली होती. मिल सुरू झाली की टेपात हरभऱ्याचा खडखडाट उतरायचा, म्हणून मिलच्या सुट्टीच्या दिवशीच गायचं. आईच्या जोडीने जन्मभर गायलेली वच्छलाबाई कोरसला आली. डोक्यावर पदर, कानावर तो मोठा हेडफोन, आणि डेन्झिलकडे बघून म्हणाली, "हाई पेटीमा करंट भरीसन रडावस का रे हाऊ?" जिथे जिथे व्याह्याचं नाव यायचं, तिथे हिलालने एकच नाव घातलं. म्हणताना त्याच्या मानेच्या शिरा फुगत.

"याही उना मांडवमा, फेटा त्याना वाकडा,
रुपचंद नही हाऊ, बजारमा चुकेल बोकडा!"

वच्छलाबाईने पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा हेडफोन काढून ती हिलालकडे बघतच राहिली. काही बोलायला गेली, पण त्याचा चेहरा पाहून गप्प बसली. तेव्हाच बोलली असती तर पुढचं रामायण टळलं असतं.

कॅसेट आली, 'मन्ही मायन्या गाया' नावाची, वर यशोदाबाईचा रेशनकार्डावरून मोठा केलेला फोटो. आणि जी पेटली म्हणता! रिक्षात तीच, रसवंतीवर तीच, एसटी स्टँडवर तीच. पाचोऱ्याच्या बाजारात गूळ घेणारा माणूसही 'बजारमा चुकेल बोकडा' गुणगुणत पुढे जायचा. हिलाल रोज धुळ्याकडून बातमी यायची वाट बघायचा. मास्तरांनी तोंड काळं केलं, बँडला कुलूप लागलं, पोरं मागे लागून ओरडतात, असलं काहीतरी.

बातमी आली ती भलतीच. मोरपंखच्या तारखा आता दोन-दोन वर्षं मिळेनात. लोक बँड ठरवायला यायचे आणि विचारायचे, "गाण्यातले रुपचंद ते तुम्हीच का?" मास्तर फेटा मुद्दाम वाकडा करून हसायचे. बँडच्या गाडीवर त्यांनी नवीन रंग दिला, त्यात मोर होता आणि मोराशेजारी एक बोकड. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय!

आणि त्यावर कडी म्हणजे पाचोऱ्याच्या एका लग्नात हिलाल गात असताना मास्तर स्वतः मांडवात आले. हातात ताट, ताटात साडी-चोळी, नारळ. सरळ वच्छलाबाईपुढे वाकले, ताट तिच्या ओटीत दिलं आणि हिलालच्या हातातला माइक घेऊन म्हणाले, "गाया आपला मानूसलेच देतस, भो! आजपासून हिलाल मन्हा याही शे." मांडवाने टाळ्यांचा कडकडाट केला. हिलालच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मास्तरांनी त्याला पोटाशी धरलं, तेव्हा त्या कोटाचा तोच जुना कापराचा वास त्याच्या नाकात शिरला. एवढ्या लोकांत हात झटकता येईना.

घरी आल्यावर तो वच्छलाबाईवर तुटून पडला. "तू साडी कसाले लिधी अक्का?"

सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. म्हातारीने ते काम केलं.

"मंग काय करू? गाया खाईसन मानूस आहेर लई उना, त्याले नही म्हनू? तुन्ही मायनी जन्मभर हाईच रीत चालाडी. गाया कोनले देतस रे? याहीले, मामाले, फुईले, जो आपला शे त्याले. तू वैरीले देत बठना. तेले मांडवमा पाट मांडीसन तूच बठाडं."

गायांच्या मांडीवर वाढलेला माणूस, आणि नेमकी हीच गोष्ट विसरला होता. राग असा असतो. घरात पाणी भरलेलं असलं तरी तो विहिरीवर धावतो.

"मायले कोनावर राग नही उना का कधी?" त्याने खालमानेने विचारलं.

"उना ना," वच्छलाबाई म्हणाली, आणि मग तिने बन्सीलालची गोष्ट सांगितली. बन्सीलाल नवरदेवाचा काका, गावचा मातब्बर, पण सुनेला गुरासारखं मारायचा. यशोदाबाईला ते ठाऊक होतं. लग्नात तिने सगळ्यांना गाया दिल्या. बापाला, मामाला, न्हाव्याला, बैलांनासुद्धा. बन्सीलालचं नाव घेतलंच नाही. तो आपला फेटा सारखा करत, आता माझं येईल, आता येईल म्हणून वाट बघत बसला. गाणं संपलं. बन्सीलाल न जेवता गाडी जुंपून निघून गेला. पुढे कुठल्याही लग्नात बायका एकमेकींना विचारायच्या, हाच का तो गाया न पडलेला? म्हातारा मरेपर्यंत मांडवात बसायचा तर मागे, खांबाआड.

हिलाल उठून ओट्यावर गेला. आईचं शस्त्र दोन धारांचं होतं, आणि त्याने बोथट बाजूने वार केला होता.

मग त्याने काहीच केलं नाही. कुठे मास्तर भेटले तर हसून नमस्कार करायचा. लोकांनी त्यांच्या नावाच्या गाया मागितल्या तर म्हणायचा. नाव जितकं मोठं होईल तितकं त्याला हवं होतं. डेन्झिल एकदा म्हणाला, "हिलाल, तू आजकल बहुत अच्छा आदमी हो गया है. मेरे को डर लगता है."

त्याला फार वाट बघावी लागली नाही. मास्तरांच्या मुलीचं लग्न जळगावच्या दाळमिलवाल्यांकडे ठरलं, आणि मास्तर स्वतः पत्रिका, अक्षता घेऊन हिलालच्या दारात आले. "वरातना टायमाले याहीकडथाईन तूच गायजो," ते म्हणाले. "बठ्ठा खान्देश येई राहीना. मन्हा नवा याहीसले सांगेल शे, गानामधला रुपचंद कोन ते लगनमा समोरासमोर देखा म्हने."

"येसू ना मास्तर," हिलाल म्हणाला. "झुलाललेबी लई येसू."

"कोन झुलाल?" मास्तर म्हणाले. या दोन शब्दांनी हिलालच्या मनात जी थोडीफार दया शिल्लक होती तीही गेली.

लग्न धुळ्यात झालं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, ऊन कलायला लागलं आणि वरात निघायला मांडवाच्या दाराशी थांबली. खान्देशातले झाडून सगळे बँडवाले पाहुणे म्हणून आले होते. गच्च्यांवर बायका, भिंतींवर पोरं. मास्तर दारातच उभे होते, नवा लाल कोट, फेटा ठरवून वाकडा, हातात ताट, ताटात साडी-चोळी. शेजारी जळगावचे व्याही.

डेन्झिलने तारांवर बाटली फिरवली आणि गर्दीने एकच आरोळी ठोकली. हिलालने आधी मुलीला आशीर्वादाची ओवी म्हटली, पोरीचा त्यात काय दोष? मग गाया सुरू केल्या. वरबापाला दाळीतला खडा म्हटलं, तो हसून लोटपोट झाला. मामाचं पोट घेतलं, फुईचे, म्हणजे आत्याचे, दागिने घेतले. बँडवाल्यांना एकेकाला नाव घेऊन झोडपलं. प्रत्येक नावाला हशा उठायचा आणि मास्तर ताट सरसावून पुढे व्हायचे. आता आपलं. हिलालने घोडीवाल्याला गाया दिल्या. मग घोडीला दिल्या. मग धूर सोडणाऱ्या जनरेटरलाही दिल्या, म्हणाला हाच खरा नवरदेवाचा काका.

"रुपचंदना बोल! बोकडा म्हन!" गर्दी ओरडायला लागली. हिलालने हात वर करून नमस्कार केला आणि गाणं संपवलं. डेन्झिलची शेवटची तार विरून गेली.

जळगावची व्याहीण शेजारणीच्या कानाशी लागली. मास्तर अजून हसत होते, पण ओठ कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. ताट घेऊन ते दोन पावलं पुढे आले.

"हिलाल, मन्हं राही गयं रे."

हिलाल माइक पुसत राहिला.

"इसरी गया का भो? मन्हं नाव ले ना. एकच ओळ म्हन. याही देखी राहीनात." आवाज खाली आला होता. मोरपंखचा मालक, खान्देशभर गाजलेला माणूस, चारचौघांत शिवी मागत होता.

हिलालने खूण केली. गर्दीतून झुलाल पुढे आला. त्याने मास्तरांच्या हातातलं ताट काढून बाजूला ठेवलं, मागची खुर्ची पुढे ओढली, आणि त्यांच्या हातात एक प्लेट दिली. प्लेटमध्ये जिलबी होती.

हिलाल माइक तोंडापासून लांब धरून, फक्त त्या दोघांना ऐकू जाईल इतकंच बोलला.

"बठा मास्तर, जिलबी खा. वरात चालू शे. वरात सरू द्या, मंग सांगसू."

मास्तर आधी हसले. मग त्यांनी झुलालच्या तोंडाकडे पाहिलं, हातातल्या जिलबीकडे पाहिलं, पुन्हा झुलालकडे पाहिलं. हिलालला इतकी वर्षं जे बघायचं होतं ते आता दिसलं. माणसाला आठवतं तेव्हा त्याचा चेहरा आधी रिकामा होतो आणि मग एकदम म्हातारा होतो. मास्तर खुर्चीत बसले.

"हिलाल... तुन्ही माय... तव्हय मी..." ते म्हणाले.

पण डेन्झिलने फडकतं गाणं सुरू केलं होतं. घोडी हलली, पोरं नाचायला लागली, वरात आग्रा रोडकडे वळली. हिलाल पुढे चालत गात होता, आणि त्या दिवशी त्याचा आवाज असा लागला की वच्छलाबाईने डोळ्याला पदर लावला. वळणावर झुलालने एकदा मागे पाहिलं. मास्तर तसेच बसले होते, मांडीवर प्लेट, एकही जिलबी न उचललेली.

दिवे लागायच्या वेळेला वरात सरली. हिलाल त्यांना सांगायला गेला नाही.